तुझा राहिलेला तास

विशाखा, काल तुझ्या वर्गात मी उभी राहिले. फळ्यावर तुझं अक्षर तसंच होतं आणि ते पुसायला कोणी तयार होईना. डस्टर कुठे आहे असं विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी फळ्याचा उरलेला कोपरा धरून मी काम भागवलं. माझं अक्षर केवढं मोठं असतं ते तुला ठाऊक आहे. जागा पुरेना, मग चिडचिड झाली, आणि चिडचिड झाल्यावर जरा बरं वाटलं. त्याआधी नुसतं रडूच येत होतं.

तू गेलीस त्या सकाळी मी आपल्या चिक्कडपल्लीच्या क्लासच्या जिन्यात तुझी वाट बघत उभी होते. किल्ली तुझ्याकडे होती आणि मुलं खाली जमायला लागली होती. मनातल्या मनात मी तुला चांगली धुऊन काढत होते. तेवढ्यात तुझ्या घरून भाऊजींचा फोन आला. चहा गाळता गाळता तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, एवढंच त्यांना सांगता आलं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आणि किल्ली?" माणूस अशा वेळी काहीही बोलतं. भाऊजींनी मात्र किल्ली शोधून खिशात ठेवली आणि सगळं आटोपल्यावर माझ्या हातात दिली. "तू मागितली होतीस," म्हणाले. मला तोंड लपवायला जागा मिळेना.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बरेच जण बोलले. जन्म कुठला, शिक्षण किती, इंग्रजीची शिक्षिका म्हणून सेवा कुठे कुठे. सगळं खरं होतं. पण ऐकताना मला वाटत होतं की हे लोक कुठल्या तरी शांत, सोशिक बाईबद्दल बोलतायत. एकाने तर तुला नम्र म्हटलं. नम्र! तुझा नम्रपणाशी संबंध पत्राच्या शेवटच्या 'युवर्स ओबीडियंटली'पुरता, आणि तेसुद्धा तू लाल पेनने खोडायचीस. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी ठरवलं की आपण तुझ्याशीच बोलायचं. तुला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगेन, कारण हे भाऊजी वाचतील आणि ज्यांना मराठी वाचता येतं ती दोनचार मुलंही वाचतील.

खरं तर मला तुला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला तू नाहीस. मुलांची सरकारी नोकरीची परीक्षा येत्या रविवारी आहे. या बॅचचा तुझा एक तास राहिला होता, बिननावाचा. तो कसा घ्यायचा असतो?

आपण भेटलो ते इथे हैदराबादेतच, दिलसुखनगरच्या त्या अवाढव्य कोचिंग सेंटरात. आठवतं ना, वर्ग कसला, लग्नाचा हॉलच तो, आणि आपल्याला माइक धरून शिकवायला लावायचे. प्लायवूडच्या भिंतीपलीकडून गणिताच्या सरांचे टक्केवारीचे प्रश्न आपल्या तासात घुसायचे. मी माझ्या तासाची वाट बघत बाहेर उभी होते. आत तू एका मुलाचा अर्ज माइकवर वाचत होतीस. त्याने सगळे लिहितात तसंच लिहिलं होतं, 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट'. तू थांबलीस. "बेग? भीक कायकू मांगते तुम? अर्ज है ना? अर्ज हक से लिखते." मग माइक बंद आहे असं समजून तू स्वतःशीच म्हणालीस, "काय गं बाई ही पोरं!" माइक चालूच होता. अख्ख्या हॉलला ते मराठी ऐकू गेलं, कळलं फक्त मला.

तास संपल्यावर मी तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले. "मराठी?" तू विचारलंस. "हौ," मी म्हणाले. पुण्याचं कोणी तिथे असतं तर आपलं पुढचं बोलणं ऐकून जागच्या जागी खिळलं असतं. निम्मी दखनी, पाव तेलुगू, आणि उरलं तेवढं मराठी. पण मला त्या दिवशी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

माझं घर जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेतीवाडीवालं. जमिनी कधीच गेल्या, पण घरातला तोरा काही गेला नाही. तुझे वडील मराठवाड्यातून येऊन इथल्या एका सरकारी कचेरीत चपराशी झालेले. जन्मभर एका टेबलावरचं पत्र दुसऱ्या टेबलावर नेलं त्यांनी, आणि त्यातलं एकही त्यांच्या नावाचं नव्हतं, असं तू सांगायचीस. तू पहिल्यांदा आमच्या विद्यानगरच्या घरी आलीस तेव्हा माझ्या आईने पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू मात्र पूर्ण नाव सांगितलंस, वडिलांच्या नावासकट, सावकाश, डिक्टेशन देतात तसं. आईने पाणी दिलं आणि म्हणाली, "जेवूनच जा." खाली सोडायला आले तेव्हा मी काहीतरी पुटपुटायला लागले. तू मला मध्येच तोडलंस. "अगं, नाव विचारलं की सांगायचं. आपण नाही सांगितलं तर लोक आपल्या मनाने ठेवतात." नंतर आई तुझ्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची मागणी माझ्यामार्फत करायची, ते वेगळं.

मग आपण ते सेंटर सोडलं आणि चिक्कडपल्लीत दोन खोल्या घेतल्या, खाली इडली-डोशाचं टिफिन सेंटर, वर आपण. एका खोलीत माझं व्याकरण, दुसऱ्या खोलीत तुझी पत्रं. मधली भिंत लाकडी, पातळ. त्या भिंतीमुळे मी तुझा जवळजवळ प्रत्येक तास ऐकला आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. माझ्या वर्गाला पर्याय निवडायचे प्रश्न सोडवायला देऊन मी खुर्ची भिंतीला लावून बसायची. मुलांना वाटायचं म्याडम थकल्या.

तू पत्र वाचायचीस ते ज्याला लिहिलंय त्याच्या बाजूने. एखाद्या मुलीने पाणी खात्याच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं असेल, तर तू तो अधिकारी व्हायचीस. जेवणानंतरची सुस्ती, टेबलावर दुसऱ्या पत्रांचा ढीग, बाजूला निवत चाललेला चहा. वाचता वाचता मध्येच तुझा आवाज बंद व्हायचा. "अब मैं ये कागज नीचे रख दी. कायकू रखी?" आणि अख्खा वर्ग त्या ओळीवर वाकायचा. कुठे कंटाळा आला, कुठे राग आला, कुठे नक्की काय हवंय ते कळेना म्हणून सोडून दिलं, हे मुलंच शोधून काढायची. 'काइंडली डू द नीडफुल' आलं की तू कपाळाला हात लावायचीस. "नीडफुल बोले तो क्या? तेरे को मालूम, मेरे को नै मालूम. वोइच तो लिखना था!" जन्मभर मी शब्दयोगी अव्ययं शिकवली, विशाखा. वाक्य चूक की बरोबर हे मी झोपेत सांगेन. पण कागदावरच्या ओळीत वाचणाऱ्याचा हात कुठे थांबेल हे तुला कसं कळायचं, ते मला अजून उमगलेलं नाही. भिंतीला कान लावून मी नुसती थक्क होत बसायची.

आणि ती सगळी पत्रं खरी असायची. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. परीक्षेत येतात तसले हवेतले विषय तुला चालायचे नाहीत. 'आमच्या भागातील गटार तुंबले आहे' असं कोणी लिहिलं की तू त्याला जिना उतरायला लावायचीस. कुठलं गटार, बघून ये. मुलगा परत आला की सांगायचा, म्याडम, शिंप्याच्या दुकानासमोरचं, झाकण एका बाजूने मोडलंय, म्हातारी माणसं वळसा घालून रस्त्याच्या मधून चालतात. "ये लिखो. बुड्ढे लोगां लिखो." ते पत्र तू पोस्टात टाकायला लावलंस आणि काही दिवसांनी खरंच नवीन झाकण बसलं. मी म्हणाले, योगायोग. तू म्हणालीस, "असेल. पण पत्र पोचलं एवढं तरी मान." त्या दिवशी तू दोन्ही वर्गांना मिरची भजी खायला घातलीस, आणि माझ्या तासाला सगळ्या कागदांवर तेलाचे डाग.

सरोजाची रजेची चिठ्ठी तर मी कधीच विसरणार नाही. सरोजा दिलसुखनगरच्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, संध्याकाळी आपल्याकडे येते, आणि वयाच्या अटीमुळे ही परीक्षा तिची शेवटची. पहिल्या आठवड्यात तिने रजेचा अर्ज लिहिला. आपण सगळ्यांनी शाळेत लिहिला तोच, 'मला ताप आला असल्यामुळे'.

"बुखार है तेरे को?" तू विचारलंस.

"नै म्याडम."

"फिर छुट्टी कायकू होना? चेप्पम्मा, बोल."

"पढ़ाई के वास्ते. पन वो लिखे तो सूपरवायझर मना कर देता."

"करने दे. मना करने के वास्ते भी उसको पूरा पढ़ना पड़ता."

भिंतीपलीकडे मला हसू आवरेना. पण सरोजाने ते पत्र लिहिलं, खऱ्या कारणासकट, आणि तू तिला ते खरोखर द्यायला लावलंस. सूपरवायझरने आठवड्यातून एक दुपार दिली. ती परत येऊन सांगत होती तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. ताप न येता रजा मिळू शकते हे त्या बाईला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

खाली सहीच्या जागी ती काय लिहायची? पूर्ण नाव, नवऱ्याचं, घराचं, सगळं. तू लिहायला लावायचीस. आणि इथे माझा पारा चढायचा.

परीक्षेचा नियम सरळ आहे. उत्तरपत्रिकेत नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. पत्राच्या शेवटी 'एक्स वाय झेड'. नाव लिहिलं की पेपर बाद. मी म्हणायची, पहिल्या दिवसापासून एक्स वाय झेडची सवय लाव, हाताला वळण पडलं की घाबरलेल्या मुलाचा हातसुद्धा चुकत नाही. तू म्हणायचीस, पहिल्या दिवसापासून एक्स वाय झेड लिहिलं तर पत्रही एक्स वाय झेडचंच होतं. "आमच्या घरात सही करायला लागून पिढ्या किती झाल्या गं? माझ्या आजोबांचा अंगठा होता. आणि मी या लेकरांना सांगू की सही नको करू?" पण नियम काही बदलायचा नाही. मग मी पेपर तपासायला घ्यायची आणि तू खाली डोसा सांगायला जायचीस.

आणि मग वेंकटेशचं झालं. परीक्षा देऊन तो थेट क्लासवर आला, चेहरा फुललेला. "म्याडम, ऐसा लेटर लिखा मैं!" तो उभ्या उभ्या पत्र म्हणून दाखवायला लागला. इतकं सुंदर पत्र होतं, विशाखा, की मीही भिंत सोडून दारात येऊन उभी राहिले. शेवटी त्याने त्याच ऐटीत आपलं नाव म्हटलं, वडिलांचं म्हटलं, गाव म्हटलं. तू बाकावर बसलीस. त्याला कळायला थोडा वेळ लागला. पेपर अर्थातच बाद झाला. त्याचीही ती शेवटची संधी होती.

दुसऱ्या दिवशी तू त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांसमोर उभी राहिलीस आणि चूक माझी आहे असं सांगितलंस. मला वाटलं, आता ही सुधारेल. तू परत आलीस ती म्हणत, "नाव चालूच राहणार. शेवटचा एक तास मात्र वेगळा घेईन." तेव्हापासून प्रत्येक बॅचला परीक्षेआधी तुझा तो बिननावाचा तास. त्या तासाला तू दार लावून घ्यायचीस आणि आवाज इतका खाली आणायचीस की पातळ भिंतीतूनही मला एक शब्द कळायचा नाही. त्यानंतर एकाही मुलाने परीक्षेत नाव लिहिलं नाही. काय करतेस आत, असं मी विचारलं की तू म्हणायचीस, "ये की बसायला." मी काही आले नाही. मला वाटायचं, कधीही येता येईल.

वेंकटेश तुझ्या कार्यक्रमाला आला होता. आता एका खाजगी कंपनीत आहे, पोट सुटलंय. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा फिरवला, आणि जाताना तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. त्याला तुझा राग कधी आला होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच होतं. मी म्हणाले, परीक्षेतलं पत्र हे काही पत्र नाही, तपासणाऱ्याला त्यात रस नसतो, तो गुण टाकतो आणि पुढचा पेपर घेतो. तू चपला घालत होतीस. "तोही माणूसच आहे ना? दिवसभर तेच तेच वाचून कंटाळलेला. त्यालाच लिहायचं." मी म्हणाले, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू म्हणालीस, "उद्या बोलू," आणि किल्ली घेऊन खाली गेलीस. उद्याचं मी ठरवूनही ठेवलं होतं. चांगले तीन मुद्दे होते.

तर काल. मी वर्गात गेले आणि विचारलं, "बिननाम का क्लास हुआ क्या तुम्हारा?"

"नै म्याडम. नेक्स्ट वीक लेती बोले थे," बॅचमधला इम्रान म्हणाला.

सगळी बॅच महिनोन् महिने प्रत्येक पत्राखाली आपलं नाव लिहीत आलेली, आणि ते नाव काढायचं कसं हे ज्या बाईला माहीत होतं ती गेलेली. मी फळ्याच्या कोपऱ्यात नियम लिहिला. नाव नाही, गाव नाही, एक्स वाय झेड. कोणी उतरवून घेईना. इम्रान म्हणाला, "विशाखा म्याडम बोले थे, जिस लेटर पे नाम नै, वो लेटर किसी का नै." मी संतापले. खरंच संतापले. तुझ्यावर, त्याच्यावर, त्या चहाच्या गाळणीवर. "परीक्षा में नाम लिखे तो पेपर किसी का नै!" मी ओरडले, आणि वेंकटेशची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. त्याचं पत्र मला जेवढं आठवत होतं तेवढं म्हणूनही दाखवलं. सरोजा खाली मान घालून ऐकत होती.

मग मी विषय दिला, तुला अजिबात आवडला नसता असा. आपल्या भागात बस वाढवावी म्हणून परिवहन खात्याला पत्र. सगळ्यांना एकच विषय, एकच अधिकारी. मुलं लिहायला लागली. मी खिडकीशी उभी राहिले, कारण बसवेना.

कागद गोळा करून मी आधी फक्त तळ बघितला. एक्स वाय झेड. एक्स वाय झेड. एका कागदावर नावाचं पहिलं अक्षर लिहून इतकं गिरवून खोडलं होतं की कागद फाटला होता, पण त्याखाली एक्स वाय झेड होतं. सगळ्यांच्या खाली होतं. मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले. वाचली बाई सगळी, असं मोठ्याने म्हणालेसुद्धा.

मग वाचायला घेतलं, गुण द्यायचे म्हणून. माझ्या तासाला ही मुलं नुसत्या पर्यायांच्या चौकटी काळ्या करतात, त्यामुळे त्यांचं अक्षर मी कधी पाहिलेलं नाही. पहिलाच कागद घेतला. त्यात लिहिलं होतं की मला नवी बस नको, आहे तीच शेवटची बस आमच्या दुकानांची शटर खाली ओढून होईपर्यंत थांबवा, कारण मालकाच्या आधी आम्ही निघू शकत नाही. साधं इंग्रजी. एके ठिकाणी आर्टिकल चुकलेलं. ही सरोजा, मी म्हणाले. दुसऱ्यात पहिला परिच्छेद पूर्ण ड्रायव्हरची तारीफ करण्यात गेला होता. तो आमच्या आजोबांना ओळखतो, स्टॉप नसला तरी त्यांच्यासाठी गाडी हळू करतो, अशा माणसावर इतक्या गर्दीचा भार टाकू नका, आणखी एक बस द्या. हा इम्रान, भांडतानाही आधी आदाब करणारा. तिसऱ्यात एकही विनंती नव्हती, नुसती कोणत्या वेळी किती वेळ उभं राहावं लागतं याची अशी मांडणी की अधिकाऱ्याला पळायला वाट राहू नये. हा कोण तेही मला लगेच कळलं. मी एकेक कागद वाचत गेले आणि एकेक चेहरा माझ्यापुढे येत गेला. भिंतीपलीकडून ऐकलेली ती सगळी माणसं तिथे कागदावर बसली होती, नाव नाही, गाव नाही, आणि तरी दुसऱ्या कोणाचीही असू शकणार नाहीत अशी. परीक्षेचा नियम पाळलेला, नाव कुठेही नाही, आणि तरी प्रत्येक पत्र त्याच्या त्याच्या मालकाचं. हे तू केलंस. मी जन्मभर तुझ्याशी ज्यावरून भांडले, ते तू या पोरांच्या हातात घालून ठेवलं होतंस, आणि एक तास राहिला तरी ते तुटलं नाही. मी हरले, विशाखा, आणि हरून मला इतका आनंद झाला की मला पुढचा कागद वाचताच येईना. बिननावाच्या तासाला तू आत काय करायचीस ते मला अजून माहीत नाही. बहुतेक तू त्यांना हेच दाखवत असशील.

डोळे पुसून मी उठले. कागदांवर गुण घातले नाहीत. बाकांमधून फिरत एकेकाचा कागद एकेकासमोर ठेवत गेले, कोणालाही काही न विचारता. सरोजाचा सरोजाला, इम्रानचा इम्रानला. मागच्या बाकापर्यंत एकही चुकला नाही.

इम्रानने आपला कागद उलटसुलट करून पाहिला. "म्याडम, नाम तो हम लिखेच नै. आप कैसे पहचाने?"

पत्राबद्दल कोणी काही विचारलं की माझ्या तोंडात जे उत्तर इतकी वर्षं तयार असायचं, तेच बाहेर पडलं.

"विशाखा म्याडम को पूछो," मी म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.